विद्युत फवाऱ्याने टिन ऑक्साइडचा थर : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

आजपासून वही सुरू. काम असं: टिन ऑक्साइडचे साधारण २० नॅनोमीटरचे कण इथेनॉलमध्ये मिसळून शाई करायची, सुईतून अगदी सावकाश सोडायची आणि सुईला काही हजार व्होल्ट द्यायचे. टोकाशी आलेली शाई विजेच्या ओढीने आपोआप फुटते, आणि चार्ज घेतलेले बारीक थेंब समोरच्या अर्थ केलेल्या (जमिनीशी तारेने जोडलेल्या) काचेवर जाऊन बसतात. इथेनॉल उडून जातं, कण राहतात.

त्यातून वायू ओळखणारा सेन्सर करायचा आहे. काचेवर सोन्याचे दोन कंगवे एकमेकांत दाते घालून बसवलेले आहेत. दाता १०० मायक्रोमीटर रुंद, शेजारच्या दात्यापर्यंतची फट १०० मायक्रोमीटर. आपला थर फटीवरून अखंड गेला तरच एका कंगव्यातून दुसऱ्यात वीज जाईल. फट उघडी राहिली तर थर कितीही देखणा असला तरी उपयोग शून्य. हे वाक्य पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवते आहे.

इंकजेट का नाही, असं सरांनी विचारलं. इंकजेटचा थेंब साधारण छिद्राएवढाच असतो. थेंब लहान हवा तर छिद्र लहान हवं, आणि लहान छिद्रात कणांची शाई तुंबते. आपल्या ३० गेजच्या सुईचं छिद्र १५९ मायक्रोमीटर आहे आणि थेंब मिळायला हवा दोनेक मायक्रोमीटरचा. छिद्राच्या ऐंशीव्या हिश्शाचा थेंब! मला या पद्धतीचं वेड लागलं ते इथेच.

मांडणी: सुईचं टोक ते काच ३० मिलिमीटर. उच्च व्होल्टेजच्या तारेत १० मेगाओहमचा रोध, म्हणजे ३ किलोव्होल्टला चुकून शॉर्ट झालं तरी पुरवठ्यातून ०.३ मिलिअँपिअरच्या वर काही येणार नाही. काच अॅल्युमिनियमच्या पाटावर, दोन्ही कंगवे पाटाला जोडलेले, पाट १ मेगाओहममधून अर्थला. सगळं काम धूर ओढणाऱ्या कपाटात, कारण इथेनॉलची वाफ आणि ठिणगी एकत्र नकोत.

७ जानेवारी

शाईचा दिवस. कण इथेनॉलमध्ये टाकून अल्ट्रासॉनिक टाकीत अर्धा तास हलवले. संध्याकाळी दुधासारखं दिसणारं मिश्रण सकाळपर्यंत वर निवळ आणि तळाशी पांढरा गाळ. ॲसिटिक ॲसिडचे मोजके थेंब घातल्यावर कणांच्या पृष्ठभागावर चार्ज आला, ते एकमेकांना ढकलायला लागले आणि गाळ बसायचा जवळजवळ थांबला. शाईची वाहकताही वाढून दर सेंटिमीटरला १० मायक्रोसीमेन्सवर आली. याचा पुढे थेंबाच्या आकाराशी संबंध आहे, म्हणून आकडा अधोरेखित.

०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळली. वजनाने १.३ टक्के कण टाकले होते, गाळलेली शाई वाळवून तोलली तर १ टक्का निघाले. उरलेले गाळणीत अडकले. यापुढे जे टाकलं ते लिहायचं नाही, जे उरलं ते लिहायचं.

९ जानेवारी

सहकाऱ्याचं म्हणणं होतं की इथेनॉलऐवजी पाणी वापरू, आगीची भीतीच नको. करून पाहिलं. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन, इथेनॉलचा २२. फवारा सुरू व्हायला लागणारं व्होल्टेज पृष्ठताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतं. आमच्या सुईसाठी इथेनॉलला हिशेबाने सुमारे २.५ किलोव्होल्ट पुरतात, पाण्याला ४.४ लागतात. तिथवर पोचायच्या आत टोकाभोवतीची हवाच फुटली. दिवे मालवल्यावर सुईच्या टोकाला जांभळट ठिपका दिसत होता, बारीक सूं असा आवाज, आणि ओझोनचा तो उग्र वास. पाण्याचा नाद सोडला.

११ जानेवारी

शंकू दिसला.

क्रमाने लिहिते. मिनिटाला ५ मायक्रोलिटर प्रवाह, मागून दिवा, समोर सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा. व्होल्टेज नसताना टोकाशी थेंब फुगतो, जड झाला की पडतो. १.५ किलोव्होल्टला लहान लहान थेंब भराभर पडायला लागले. २.३ ला टोकावरचा थेंब थरथरायला लागला, मधेच चिमटीत धरून ओढल्यासारखा टोकदार व्हायचा आणि परत गोल. २.७ ला थरथर एकदम थांबली. टोकावर काचेचा असावा असा नितळ, स्थिर शंकू, त्याच्या अणकुचीतून केसाहून बारीक धार, आणि थोडं खाली गेल्यावर धार नाहीशी. हिरवा लेझर आडवा टाकला तेव्हा कळलं की नाहीशी झालेली नाही, तिथून फवारा छत्रीसारखा उघडलाय. ३.६ च्या पुढे एका शंकूच्या दोन धारा, मग तीन.

आम्ही दोघंही बराच वेळ नुसते पडद्याकडे बघत बसलो.

झेलेनी यांनी १९१४ आणि १९१७ मध्ये याच रूपाचा अभ्यास करून फोटो घेतले होते. जी. आय. टेलर यांनी १९६४ मध्ये गणिताने दाखवलं की पृष्ठताण आणि विद्युत ओढ यांचा तोल शंकूवर जागोजागी जुळायचा असेल तर त्याचा अर्धा कोन ४९.३ अंशच हवा. आमच्या फोटोवर मोजला तर ४५ च्या आसपास. धार निघत असताना आणि समोर थेंबांचा चार्ज तरंगत असताना कोन थोडा आवळला जाणारच, त्यामुळे फरकाची काळजी नाही. जॉन फेन यांनी असाच फवारा वापरून प्रथिनांचे प्रचंड रेणू अखंड उचलले आणि रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात (मास स्पेक्ट्रोमीटर) नेले; त्याचं नोबेल २००२ सालचं.

१४ जानेवारी

आज फक्त आकडे. वेळ खर्ची पडला, पण पुढे सगळं यावरच उभं राहणार आहे.

पाटाखालच्या १ मेगाओहमवर मल्टिमीटरने १०० मिलिव्होल्ट दाखवले. सहकाऱ्याने लगेच १०० नॅनोअँपिअर लिहिले. ते चुकीचं आहे. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम, तो समांतर लागतो, म्हणून खरा रोध ०.९१ मेगाओहम आणि खरा प्रवाह ११० नॅनोअँपिअर.

काचेवर क्षणभर धरलेल्या डागांवरून थेंब सुमारे २ मायक्रोमीटरचा धरला. मिनिटाला ५ मायक्रोलिटर म्हणजे सेकंदाला साधारण २ कोटी थेंब. एका थेंबात सुमारे अकराशे कण. थेंब वाळला की त्यांचा पाव मायक्रोमीटरचा सच्छिद्र गोळा उरतो.

एका थेंबावर चार्ज किती मावतो याची सीमा लॉर्ड रॅले यांनी १८८२ मध्ये काढली. त्यापुढे चार्जचं ढकलणं पृष्ठताणाला आवरत नाही आणि थेंब फुटतो. आमच्या थेंबासाठी ती सीमा भरली असती तर प्रवाह २२० नॅनोअँपिअर आला असता. आला ११०, म्हणजे थेंब निम्म्या सीमेवर निघतात. उडताना इथेनॉल जातं पण चार्ज जात नाही, त्यामुळे व्यास मूळच्या ६३ टक्क्यांवर आला की सीमा गाठली जाते. काही थेंब वाटेतच पुन्हा फुटत असणार.

थेंब लहान करायचा तर प्रवाह कमी किंवा वाहकता जास्त, पण फार महाग सौदा: घनमुळाचा नियम असल्यामुळे थेंब निम्मा करायला प्रवाह आठपट कमी करावा लागतो. आम्ही ५ वरच थांबलो.

१७ जानेवारी

सुई दोनदा तुंबली. दोन्ही वेळा थांबवल्यानंतर. टोकावरची शाई वाळून पांढरी टोपी होते आणि पुढच्या वेळी शंकू वाकडा बसतो. नियम: सुरुवात कोऱ्या इथेनॉलने, शेवटही कोऱ्या इथेनॉलने, मधे पंप थांबवायचा नाही. काच बदलायची तर सुईखाली झाकण सरकवायचं.

२० जानेवारी

पहिला खरा नमुना. अर्धा तास फवारणी. मिनिटाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम कण, ठिपका २० मिलिमीटर व्यासाचा, त्यामुळे अर्ध्या तासात साधारण एक मायक्रोमीटर थर हवा. डोळ्यांना उत्तम दिसतो: निळसर पांढरा, एकसारखा. रोध मोजला: मीटर अनंत दाखवतं.

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि पोटात खड्डा पडला. प्रत्येक दात्यावर पांढरा थर, आणि प्रत्येक फट स्वच्छ. इतकी स्वच्छ, की कुणी दात्यांच्या कडेने पट्टी धरून पुसून काढल्यासारखी. आणि दात्यांच्या कडांवर थर जाड, मधोमध पातळ. डोळ्यांना एकसारखा दिसला कारण १०० मायक्रोमीटरच्या रेघा लांबून दिसतच नाहीत.

२२ जानेवारी

शाई बदलली. फट रिकामी.

२३ जानेवारी

अंतर २० मिलिमीटर, मग ४५. रिकामी.

२५ जानेवारी

फवारणी दीड तास. दात्यांवर थर इतका जाड झाला की भेगा पडल्या. फटीत कडेकडेने थोडी धूळ, मधे काच.

२८ जानेवारी

सर म्हणाले, "शंकूकडे बघणं थोडं थांबवा, काचेकडे बघा." त्यांचं बरोबर होतं. तीन आठवडे आमचा सगळा जीव सुईच्या टोकात अडकलेला होता, कारण तिथे दिसायला सुंदर काहीतरी होतं. सेकंदाला २ कोटी थेंब आपापला चार्ज घेऊन खाली येतात. कणांचं काय होतं ते आम्ही विचारत होतो, चार्जचं काय होतं ते विचारलंच नव्हतं.

३० जानेवारी

एक नमुना चालला! रोध अनंत नाही, ३८ मेगाओहम. फटींमध्ये थर आहे, पातळ, पण अखंड. शाई तीच, अंतर ३०, व्होल्टेज ३.१, वेळ अर्धा तास. २० तारखेच्या नमुन्याशी ताडून पाहिलं तर एकही गोष्ट वेगळी नाही.

३१ जानेवारी

आज पुन्हा तेच सगळं केलं. फट रिकामी. मला रात्री झोप लागली नाही.

२ फेब्रुवारी

सापडलं. किंवा सापडल्यासारखं वाटतंय. कपाटाशेजारी तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवणारा एक छोटा मापक लावलेला आहे, तो आम्ही कधी उघडूनही पाहिला नव्हता. आज त्याच्या नोंदी काढल्या. २० ला आर्द्रता ३१ टक्के, २३ ला ३३, ३१ ला ३०. आणि ३० जानेवारीला ६२! त्या दिवशी दुरुस्तीसाठी वातानुकूलन दुपारभर बंद होतं. खोली दमट झाली, आणि नमुना चालला.

ओलाव्याने काय होतं? काचेच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा धरतो आणि त्यातून चार्ज सरकू शकतो. फटीच्या मधोमध पडलेल्या चार्जला जवळच्या दात्यापर्यंत जेमतेम ५० मायक्रोमीटर जायचंय. ओली काच तेवढी वाट देते. कोरडी काच देत नाही.

३ फेब्रुवारी

हिशेब करून पाहिला, आणि तो केल्यावर आधी का केला नाही याचं वाईट वाटलं.

समजा १ मिलिमीटरच्या काचेवर सोनं नाहीच, आणि चार्ज कुठेही गळत नाही. काचेचा परावैद्युतांक (डायइलेक्ट्रिक स्थिरांक) ७ धरला तर २० मिलिमीटरच्या ठिपक्याची धारिता, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, २० पिकोफॅरडच्या आसपास. त्यात ११० नॅनोअँपिअर ओतले तर पृष्ठभागाचं व्होल्टेज सेकंदाला साडेपाच हजार व्होल्टने चढेल. म्हणजे अर्ध्या सेकंदात काच सुईच्याच बरोबरीला येईल आणि थेंबांना खाली यायचं कारणच उरणार नाही. अर्ध्या सेकंदात! आम्ही अर्धा तास फवारत होतो. खरी काच थोडं गळते, आणि दाते जवळ असल्यामुळे चित्र एवढं टोकाचं नाही, पण दिशा हीच. फट पहिल्या काही क्षणांतच चार्ज धरते आणि मागून येणाऱ्या प्रत्येक थेंबाला दात्याकडे ढकलते. कडा जाड का झाल्या, तेही यातच आलं: फटीने ढकललेला माल कडेला साचला.

शाई निर्दोष होती, शंकू निर्दोष होता. चार्जला जायला वाट नव्हती.

५ फेब्रुवारी

खात्री करायला खोकं केलं. एका फेरीत तळाशी ताटलीत मिठाचं संतृप्त द्रावण, त्यावरची हवा ७५ टक्क्यांना स्थिरावते. दुसऱ्या फेरीत मॅग्नेशियम क्लोराइडचं, ते ३३ टक्के राखतं. रात्रभर ठेवून सकाळी फवारणी. तीन नमुने इकडचे, तीन तिकडचे.

७५ चे तिन्ही जोडले गेले. ३३ चे तिन्ही उघडे.

निष्कर्ष पक्का, पण उपाय म्हणून हे मला नको. दमट हवेत इथेनॉलचा थेंब उडताना थंड होतो आणि हवेतलं पाणी ओढतो; ७५ टक्क्यांचा थर खडबडीत, मधे गुठळ्या. आणि सेन्सर करायची पद्धत हवेच्या मर्जीवर ठेवता येत नाही.

९ फेब्रुवारी

काच तापवून पाहिली. कल्पना अशी की साध्या काचेतले सोडिअमचे आयन उष्णतेने हलायला लागतात आणि काच स्वतःच चार्ज वाहून नेते. ६० अंशांवर उलट बिघडलं, फटी आणखी लख्ख. पाण्याचा पापुद्रा उडाला आणि सोडिअम अजून जागचा हललेला नाही, म्हणजे दोन्ही वाटा बंद. १४० अंशांवर फट भरायला लागली. पण तिथे थेंब काचेवर पोचायच्या आत पूर्ण कोरडा होतो आणि थर राखेसारखा बसतो. बोटाचा नुसता स्पर्श झाला आणि नमुना पुसला गेला.

१२ फेब्रुवारी

शाईत १० टक्के इथिलीन ग्लायकॉल. ते १९७ अंशांना उकळतं, त्यामुळे थेंब ओलाच पोचतो, काचेवर द्रवाचा थर होतो आणि चार्ज त्यातून निघून जातो. फट भरली. पण वाळताना कण कडेला वाहून गेले, कॉफीच्या डागासारख्या कडा, मधे भेगा. ज्या कारणासाठी कोरडे बारीक थेंब हवे होते तेच हातचं गेलं. सोडलं.

१६ फेब्रुवारी

आज सुईला व्होल्टेज देणारी क्लिप हळूहळू सरकून कॅमेऱ्याच्या स्टँडपासून मिलिमीटरभर अंतरावर आली आणि ठिणगी पडली. एकच, टच्च असा आवाज. पुरवठ्यातून येणारा प्रवाह रोधाने आवरला, पण सिरिंज पंपाचा पडदा मेला तो मेलाच. पंपाची अर्थ आणि स्टँडची अर्थ एकाच तारेवर होती, धक्का तिकडून गेला. वाफ ओढली जात होती म्हणून आग लागली नाही. स्टँड बदलून नायलॉनचा, क्लिपऐवजी स्क्रूने आवळलेली जोडणी, पंपाला वेगळी अर्थ. दुसरा पंप मिळेपर्यंत काम बंद.

२३ फेब्रुवारी

पंप आला. मधल्या रिकाम्या आठवड्यात सहकाऱ्याने फळ्यावर एकच वाक्य लिहून ठेवलं होतं: "चार्ज बाहेर नेता येत नसेल तर विरुद्ध चार्ज आत आणू."

इतकं सोपं. धन फवाऱ्याने फट धनभारित होते आणि धन थेंबांना ढकलते. त्या क्षणी सुई ऋण केली तर तीच फट ऋण थेंबांना ओढून घेईल, दात्यांपेक्षाही जास्त जोराने, आणि चार्ज फिटला की थांबेल. मग पुन्हा उलट. फट ढकलणारी होती ती दर पालटाला ओढणारी होते.

आधी नुसतं ऋण चालवून पाहिलं. ऋण टोकाशी हवा लवकर फुटते, म्हणून ३.१ नाही, २.८ किलोव्होल्ट. शंकू तसाच नितळ. अंधारात बघितलं, जांभळा ठिपका नाही.

२४ फेब्रुवारी

दोन पुरवठे, मधे उच्च व्होल्टेजचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. १० सेकंद धन, १० सेकंद ऋण. फटीत पुसट पांढरी झाक! हिशेबाशी जुळतं: पालटल्यावर फट जेमतेम क्षणभर माल घेते आणि पुन्हा भरते, बाकीचे सेकंद वाया. म्हणजे पालट लवकर लवकर हवेत.

२७ फेब्रुवारी

एका सेकंदावर आणलं. त्याखाली जाता येत नाही, दर पालटाला शंकू कोसळतो आणि पुन्हा उभा राहायला थोडा वेळ घेतो, त्या मधल्या वेळात जाडे थेंब पडतात. कॅमेऱ्यात हे बघण्यासारखं आहे: शंकू, मग गोल थेंब, थरथर, पुन्हा शंकू, एखाद्या श्वासासारखं. जाडे थेंब काचेवर पडू नयेत म्हणून सुई थोडी बाजूला आणि तिरकी केली. जड थेंब सरळ खाली जातात, बारीक फवारा विद्युत क्षेत्राच्या ओढीने काचेकडे वळतो.

आर्द्रता आज ३२ टक्के. मुद्दाम कोरडा दिवस निवडला.

२८ फेब्रुवारी

स्टायलसने (थरावरून बारीक टोक फिरवून उंची मोजणारं यंत्र) जाडी: दात्यांवर १.१ मायक्रोमीटर, फटीत ०.९. कडांवरचे उंचवटे गेलेले. रोध १७ मेगाओहम.

सरांना फोटो दाखवला. त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा गोल फिरवून फट स्पष्ट केली, पुन्हा फिरवली, आणि म्हणाले, "आता असेच बारा करा."

९ मार्च

बारा केले. आर्द्रता २९ ते ५८ टक्के, कुठलाही दिवस टाळला नाही. अकरा जोडले गेले. बाराव्यात एका कंगव्याची अर्थची तार सुटलेली सापडली, म्हणजे तोही नियमानेच नापास झाला.

१२ मार्च

एक आडवाटेचा प्रयोग, स्वतःच्या समाधानासाठी. जी गोष्ट तीन आठवडे नडली तीच कामाला लावता येईल का? सोन्याचा मुलामा दिलेल्या काचेवर फोटोरेझिस्टचा (प्रकाशाने नक्षी उमटवता येणारं, वीज न वाहणारं लेपन) दीड मायक्रोमीटर थर, त्यात ५० मायक्रोमीटर रुंदीच्या उघड्या चिरा. आता पालट नाही, फक्त धन. रेझिस्ट काही सेकंदांत चार्ज धरतं आणि थेंबांना ढकलतं. ढकललेले थेंब चिरांकडे वळतात, फनेलमधून यावेत तसे. रेझिस्ट धुऊन काढल्यावर सोन्यावर टिन ऑक्साइडच्या रेघा उरल्या, चिरेच्या बरोब्बर मधोमध, रुंदी २० मायक्रोमीटरच्या आसपास. साच्याच्या निम्म्याहून बारीक रेघ! दोन्ही कडांनी सारखं ढकललं म्हणून ती मधोमध आली. यावर वेगळी वही करायची आहे.

१५ मार्च

बारापैकी चार नमुने भट्टीत, ४५० अंश, एक तास. तापमान मिनिटाला ३ अंशांनी चढवलं. कण एकमेकांना माना जोडून चिकटले; आता थर बोटाने पुसला जात नाही आणि सच्छिद्रपणा टिकून आहे. तो टिकायलाच हवा, वायूला आतपर्यंत शिरायचंय.

१८ मार्च

सेन्सर तापपट्टीवर ३०० अंशांना, एक लिटरच्या बंद डब्यात. कोरड्या हवेत रोध स्थिर व्हायला चाळीस मिनिटं लागली, २.४ मेगाओहम. गरम टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, म्हणून रोध एवढा. इथेनॉलसारखा वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या अशा सेन्सरसाठी १९६२ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता.

रबरी बुचातून सिरिंजने इथेनॉल सोडलं, फक्त १ मायक्रोलिटर. एका लिटरच्या डब्यात ते उडून गेल्यावर दशलक्षात सुमारे ४०० भाग होतात. एवढं इथेनॉल आमच्या सुईतून बारा सेकंदांत जातं. महिनाभर आम्ही ते कण वाहून आणणारा हमाल म्हणूनच वापरलं होतं.

मीटरवर २.४ होतं. २.१. १.३. सहकारी मोठ्याने आकडे वाचत होता, मी लिहीत होते. ०.७. ०.४. दहाव्या सेकंदाला ३१० किलोओहमवर थांबलं.

झाकण उघडून हवा सोडली. चार मिनिटांत पुन्हा २.३ मेगाओहम.

उरलेले तीन नमुने उद्या.